आशा पुथली यांच्या ध्वनिमुद्रिका : गळ्यावरील संस्कार आणि वेष्टनावरील भारत

प्रस्तावना

१९७२ साली अमेरिकेतील कोलंबिया या कंपनीने सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांची ‘सायन्स फिक्शन’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. तिच्यातील आठ रचनांपैकी दोन रचना गायिकेच्या आवाजात आहेत. हा आवाज मुंबईत १९४५ साली जन्मलेल्या, मुंबईतच वाढलेल्या आणि पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या आशा पुथली यांचा आहे. पुढील दहा वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावाने अनेक ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकी बहुतेक युरोप व अमेरिकेतील श्रोत्यांसाठी तयार झाल्या आणि भारतात त्यांचा फारसा प्रसार झाला नाही.

अभिजात संगीत, नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपटगीत या चार दालनांत विचार करण्याची सवय असलेल्या मराठी संगीतसमीक्षेला हा आवाज कोठे ठेवावा, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे सोपे उत्तर ‘पूर्व-पश्चिम संगम’ असे दिले जाते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण संगम नेमका कोठे झाला, गळ्यात, रचनेत, वाद्यमेळात की ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, हे त्यातून कळत नाही. प्रस्तुत लेखात आशा पुथली यांच्या १९७२ ते १९८२ या काळातील ध्वनिमुद्रिकांचा या एका प्रश्नाच्या अनुरोधाने विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, ज्या ध्वनिमुद्रणात भारताचा उल्लेखही नाही त्यात त्यांच्या भारतीय तालमीचा सर्वाधिक उपयोग झाला. आणि जसजसा शीर्षकांतून ‘पूर्व’ ठळक होत गेला, तसतसा त्या तालमीला वाव कमी मिळत गेला.

विवेचनाची चौकट

या विवेचनासाठी मराठीतील दोन संगीतविचार उपयोगी पडतात. पहिला डॉ. अशोक दा. रानडे यांचा. संगीताच्या वर्गीकरणात लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत यांच्या बरोबरीने त्यांनी ‘संगमसंगीत’ अशी स्वतंत्र कोटी मानली. या मांडणीचा लाभ असा की, दोन परंपरांच्या भेटीतून निर्माण झालेल्या संगीताकडे केवळ भेसळ म्हणून पाहण्याची वृत्ती टाळता येते. ते संगीतही स्वतःच्या निकषांवर तपासता येते.

दुसरा विचार वामनराव देशपांडे यांचा. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी घराण्यांचा विचार स्वर आणि लय या दोन ध्रुवांच्या संदर्भात केला. किराणा घराणे स्वराच्या ध्रुवाकडे, आग्रा घराणे लयीच्या ध्रुवाकडे आणि जयपूर घराणे त्यांच्या समतोलापाशी, ही त्यांची मांडणी सर्वपरिचित आहे. तिच्यातील तपशिलांविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु कोणत्याही गायनाकडे ‘येथे स्वर आणि लय यांचा हिशेब कसा मांडला आहे’ या दृष्टीने पाहण्याची शिस्त तिने मराठी वाचकाला दिली. ही शिस्त ख्यालगायनापुरतीच मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. जॅझ आणि डिस्को या दोन्ही प्रकारांतील गायन तिच्या आधारे तपासता येते, असे प्रस्तुत विवेचनात दिसून येईल.

मुंबईतील जॅझ आणि गायिकेचे स्थान

आशा पुथली यांच्या आवाजाची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी मुंबईतील जॅझचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि मुंबईत जॅझला प्रतिष्ठा मिळाली. या संगीताचा भार पुढे मुख्यतः गोमंतकीय वादकांनी उचलला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिनवादन शिकविले जाई. त्या शिदोरीवर हे वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील प्रमुख नावे. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी, ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या गाण्यांत चिक चॉकलेट यांच्या वादनाचा जो उपयोग केला, तो मराठवाड्याच्या सीमेवरील गावापासून मुंबईच्या हॉटेलांपर्यंतच्या संगीतप्रवासाचा एक बोलका दाखला होय.

या व्यवस्थेत वादकाला घर होते, गायिकेला मात्र ते नव्हते. हॉटेलातील गायिकेने त्या-त्या वेळी लोकप्रिय असलेली परदेशी गाणी मूळ ध्वनिमुद्रिकेबरहुकूम म्हणावीत, एवढीच अपेक्षा असे. लॉर्ना कोर्देरो यांनी क्रिस पेरी यांच्या संगीतनियोजनात कोंकणी भाषेत गाऊन या मर्यादेतून एक वाट काढली. त्यामुळे त्यांना भाषा मिळाली आणि भाषेबरोबर त्यांची गाणी जपणारा समाजही मिळाला. आशा पुथली यांनी निवडलेली वाट वेगळी होती. पाश्चात्त्य कंठसंगीताचे धडे, हिंदुस्थानी संगीताची तालीम आणि आकाशवाणीपेक्षा परदेशी केंद्रांवरून ऐकलेले जॅझ, असे तीन संस्कार त्यांच्या गळ्यावर एकाच वेळी होत होते. वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या ग्रंथात मुंबईतील जॅझविषयी लिहिताना त्यांच्या गायनाची दखल घेतली आहे. पुढे नृत्याच्या शिष्यवृत्तीच्या निमित्ताने त्या न्यूयॉर्कला गेल्या. तेथे कोलंबिया कंपनीचे जॉन हॅमंड यांनी त्यांचा आवाज ऐकला. बिली हॉलिडे, काउंट बेसी, अरीथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारा हा जाणकार होता. त्यांच्यामुळेच कोलमन यांच्या ध्वनिमुद्रणाची वाट मोकळी झाली.

‘सायन्स फिक्शन’मधील दोन गीते

कोलमन यांनी १९५९ पासून जॅझच्या एका मूलभूत संकेतालाच आव्हान दिले होते. पारंपरिक जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, ठरावीक क्रमाने येत राहतात आणि वादक त्या क्रमाच्या मर्यादेत राहून स्वरविस्तार करतो. कोलमन यांनी हा क्रमच काढून टाकला. धून आणि तिच्यातून उमलणारी ओळ यांनाच त्यांनी प्राधान्य दिले. रागसंगीताशी परिचित असलेल्या श्रोत्याला ही कल्पना परकी वाटत नाही. कारण त्याच्या संगीतातही स्वराची एकच रेषा असते आणि तिला कॉर्डच्या आधाराची गरज नसते.

सप्टेंबर १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ या दोन गीतांत नेमकी हीच रेषा आशा पुथली यांच्याकडे सोपविलेली आहे. दोन्ही गीते प्रत्येकी तीन-चार मिनिटांची आहेत. धून संथ आहे. आवाजासोबत सॅक्सोफोन व ट्रम्पेट जवळजवळ तीच धून वाजवितात. परंतु ती काटेकोर एकत्र न वाजविता किंचित मागेपुढे, जणू एकाच ओळीच्या कडा विसविशीत ठेवून. तिच्या खाली चार्ली हेडन यांचा बास आणि एड ब्लॅकवेल व बिली हिगिन्स यांचे दोन ड्रमसंच अखंड, अस्वस्थ गतीने चालू राहतात. वर संथ धून आणि खाली द्रुत खळबळ अशी ही रचना आहे. ड्रम येथे मात्रा मोजून देत नाहीत; समेसारखे परतण्याचे ठिकाणही नाही.

या गीतांच्या संदर्भात एका प्रचलित समजाची तपासणी करणे आवश्यक आहे. जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत यांची तुलना करताना दोहोंतील उपज हे साम्य प्रथम सांगितले जाते. लुई आर्मस्ट्राँग व एला फिट्झजेरल्ड यांचे निरर्थक अक्षरांचे गायन आणि आपल्याकडील तराणा किंवा सरगम यांची जोडी लावली जाते. प्रस्तुत गीतांत मात्र गायिका उपजेच्या अंगाने गातच नाही. धून रचलेली आहे, शब्द ठरलेले आहेत आणि ती ते शब्दच म्हणते. अक्षरांचा खेळ नाही, ताना नाहीत, विस्तारही नाही. तरीही ही कामगिरी सामान्य प्रतीच्या जॅझ गायिकेच्या आवाक्याबाहेरची ठरते. याचे कारण उपजेत नसून स्वरलगावात आहे.

कॉर्डचा आधार नसताना स्वर जागच्या जागी लावणे, एका स्वरावरून दूरच्या स्वरावर जाताना मधली वाट तुटू न देणे आणि आवाजात अकारण कंप येऊ न देता स्वर धरून ठेवणे, या तीन गोष्टी या गीतांत सातत्याने आढळतात. पाश्चात्त्य ऑपेराच्या पद्धतीत दीर्घ स्वराला कंप देणे हा सौंदर्याचा भाग मानला जातो. येथे बहुतेक ठिकाणी स्वर सरळ लागतो. दोन स्वरांमधील प्रवास मींडेच्या जवळ जातो. या गुणांचा संबंध आलापीच्या तालमीशी जोडणे अयोग्य होणार नाही. तंबोऱ्यावर आवाज लावून तासन्‌तास एकेका स्वराशी थांबण्याची सवय ज्या गळ्याला झाली आहे, त्यालाच अशी उघडी रेषा पेलते.

मात्र येथेच दुसरी, अधिक महत्त्वाची बाब लक्षात घेतली पाहिजे. ख्यालगायकाची रेषा एकटी असली तरी निराधार नसते. तिच्यामागे षड्ज सतत वाजत असतो. कोलमन यांच्या संगीतात असा स्थिर षड्ज नाही. बास स्वतःच फिरत राहतो. म्हणजे आशा पुथली यांना आपल्या तालमीतील स्वरनिष्ठा घेऊन, परंतु त्या निष्ठेचा पाया असलेला षड्ज मागे ठेवून गावे लागले. ही गीते ऐकताना जो ताण जाणवतो तो या स्थितीतून निर्माण होतो. आवाज खात्रीने पाऊल टाकतो. पण ज्या भूमीवर पाऊल पडावे ती भूमी हलत असते. वामनराव देशपांडे यांच्या परिभाषेत बोलायचे तर, येथील गायन स्वराच्या ध्रुवाकडे अत्यंत टोकाला गेले आहे आणि लय गायनाच्या बाहेर, ड्रमच्या खळबळीत, जाऊन उभी राहिली आहे. ख्यालात स्वर आणि लय एकमेकांना समेवर भेटतात. येथे त्यांची भेट होतच नाही, आणि तीच या संगीताची आशयदृष्ट्या सर्वांत भेदक गोष्ट आहे.

त्याच काळातील इतर प्रयोगांशी तुलना केल्यास या कामगिरीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा-जॅझ स्टाइल’ (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत रईस खाँ यांच्या सतारीवर रागांच्या धुना येतात आणि त्यांच्या भोवती जॅझचा वाद्यमेळ वाजतो. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या लंडनमधील प्रयोगांतही सतार-तबला आणि जॅझ वाद्ये शेजारी शेजारी बसविली गेली. हे प्रयोग मनोरंजक असून त्यांतील काही भाग आजही ताजे वाटतात. परंतु त्यांतील संगम वाद्यांच्या आणि धुनांच्या पातळीवर आहे. कोणते वाद्य कोठून आले हे श्रोता बोट ठेवून दाखवू शकतो. ‘सायन्स फिक्शन’मध्ये सतार नाही, तबला नाही, रागाचे नावही नाही. तेथील संगम आवाज लावण्याच्या रीतीत आहे. तो दाखविता येत नाही, तो ऐकावा लागतो.

पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका

१९७३ साली सीबीएसने ‘आशा पुथली’ या नावाने त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. निर्मिती डेल न्यूमन यांची होती. येथे वातावरण पूर्णपणे बदलते. जॉर्ज हॅरिसन यांचे ‘आय डिग लव्ह’, जे. जे. केल यांची ‘राइट डाउन हिअर’ व ‘लाइज’ अशी त्या काळातील रॉक व ब्लूज वळणाची गीते निवडलेली आहेत. वाद्यवृंद भरघोस आहे, ताल नियमित आहे आणि कॉर्ड परत आले आहेत.

या ध्वनिमुद्रिकेतील गायनाचे खरे वाद्य ध्वनिक्षेपक हे आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट आपल्याच इतिहासातून सहज कळण्यासारखी आहे. नाट्यसंगीताचा आवाज नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्यासाठी घडलेला होता. ध्वनिक्षेपक आणि रेडिओ आल्यावर जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या पिढीला हळू, जवळून, एकाच श्रोत्याशी बोलावे तसे गाता येऊ लागले आणि भावगीत नावारूपाला आले. ‘राइट डाउन हिअर’मध्ये आशा पुथली याच सोयीचा पुरेपूर लाभ घेतात. केल यांच्या मूळ गायनातील पुरुषी, पुटपुटता स्वर त्या उंच आणि श्वासयुक्त करतात. शब्द तालाच्या किंचित मागे ठेवतात. ‘सायन्स फिक्शन’मधील निष्कंप, उघडा स्वर येथे क्वचितच येतो, पण एक जुना गुण टिकून राहतो. ओळीच्या शेवटी स्वर सोडताना तो तुटत नाही, विरतो.

‘आय डिग लव्ह’मध्ये मात्र अडचण उभी राहते. उसासे, लाडिक उच्चार आणि स्वर यांच्यात स्वर मागे पडतो. गायिकेची विनोदबुद्धी यात जाणवते, हे मान्य करावे लागेल. हॅरिसन यांच्या काहीशा भाबड्या गीताला तिने खट्याळ केले आहे. तथापि आवाज येथे गाण्याऐवजी भूमिका वठवीत आहे, आणि ही भूमिका पुढील दहा वर्षे त्याला सोडणार नव्हती. ‘शी लव्ह्‌ज टू हिअर द म्युझिक’ या पुढील ध्वनिमुद्रिकेतही गायन बहुतांशी याच सुगम, नाट्यमय वळणाने जाते.

‘स्पेस टॉक’ : आवाजाचे वाद्य होणे

१९७६ साली जर्मनीत डीटर झिमरमन यांच्या निर्मितीत ‘द डेव्हिल इज लूज’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. तिच्यातील ‘स्पेस टॉक’ हे गीत त्यांच्या सर्व स्वतंत्र गीतांत सर्वाधिक ऐकले गेले. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँक्यूसो यांच्या ‘लॉफ्ट’ या नृत्यसभेत ते वाजविले जाई. डिस्कोच्या चाहत्यांनी ते उचलून धरले.

डिस्को म्हणताच गंभीर समीक्षक पाठ फिरवितो. कोलमन ते डिस्को हा प्रवास म्हणजे सरळ अधोगती, असा निष्कर्ष काढणे त्याला सोपे जाते. ‘स्पेस टॉक’ हे गीत या निष्कर्षाला अपवाद ठरते. त्यात बासची एक आकृती सतत फिरत राहते. तिच्यावर विद्युत्-वाद्यांचे तरंगते थर आहेत आणि त्यांमध्ये आवाज जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवर ठेवलेला आहे. शब्दांना फारसे महत्त्व नाही. श्वास, उसासा आणि स्वर यांतील सीमा पुसट केल्या आहेत. देशपांडे यांच्या मांडणीप्रमाणे पाहिले तर येथे लयीचा ध्रुव पूर्णपणे यंत्रवत् वाद्यमेळाने व्यापला आहे. अशा वेळी गायकासमोर दोन पर्याय असतात. एक, लयीशी स्पर्धा करणे. दुसरा, लयीला तिचे काम करू देऊन आपण केवळ ध्वनीचा पोत बनून राहणे. आशा पुथली दुसरा पर्याय निवडतात आणि तो पूर्ण समजून निवडतात. ‘सायन्स फिक्शन’प्रमाणेच येथेही स्वर आणि लय वेगवेगळ्या पातळ्यांवर आहेत; फरक इतकाच की, तेथे खालची खळबळ अनिश्चित होती, येथे खालची आकृती अतिनिश्चित आहे. दोन्ही ठिकाणी आवाज तालात अडकत नाही, तो तालावर तरंगतो.

एवढे मान्य करूनही एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पोत बनून राहणारा आवाज एका गीतात विलक्षण वाटतो. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत तीच युक्ती पुन्हापुन्हा आली की ती रीत बनते. ‘द डेव्हिल इज लूज’मधील इतर काही गीतांत हा धोका जाणवतो.

वेष्टनावरील भारत

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘लिंडियाना’, तर ऐंशीच्या आरंभी ‘१००१ नाइट्स ऑफ लव्ह’ आणि ‘ओन्ली द हेडेक्स रिमेन’ या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतील पहिल्या दोन शीर्षकांकडे लक्ष दिले पाहिजे. एकात गायिका ‘भारतीय स्त्री’ या जातिवाचक नामात विरघळली आहे. दुसऱ्यात ‘अरेबियन नाइट्‌स’चा संदर्भ तिला जोडला आहे, ज्याचा मुंबईशी अथवा ख्यालाशी काहीही संबंध नाही. युरोपच्या बाजारपेठेला ‘पूर्व’ ही एकच गोष्ट वाटत होती; त्यात बगदाद आणि मुंबई यांतील अंतर मोजण्याची गरज नव्हती.

आता या ध्वनिमुद्रिकांतील गायन ऐकावे. नृत्यासाठी बेतलेला सरळ चार मात्रांचा ठोका, ठसठशीत ध्रुवपद, त्यावर लाडिक किंवा चढ्या स्वरातील ओळी. स्वर लांबवावा, त्याच्याशी थांबावे, एका स्वरातून दुसऱ्यात जाताना वाट दाखवावी, यासाठी या रचनांत फारशी जागाच नाही. म्हणजे शीर्षकात पूर्व सर्वाधिक आणि गळ्यातील तालमीला वाव सर्वांत कमी, अशी विसंगती येथे दिसते. ‘सायन्स फिक्शन’मध्ये परिस्थिती नेमकी उलट होती.

या विसंगतीचा दोष गायिकेकडे जात नाही. गळा तोच होता. गळ्याला मिळणारी जागा आक्रसली होती. गीतांची निवड, वाद्यमेळ, प्रसिद्धी यांविषयीचे निर्णय ज्या व्यवस्थेत होत, तिला भारतीय गायिकेकडून ‘भारतीयत्वा’ची खूण हवी होती आणि ती खूण पटकन दिसणारी असणे आवश्यक होते. स्वरलगाव दिसत नाही, शीर्षक दिसते. ज्या काळात जॅझच्या थोर वादकांसमवेत एखादी संपूर्ण ध्वनिमुद्रिका या आवाजाच्या नावावर निघावयास हवी होती, त्या काळात ती निघाली नाही. कोलमन यांच्यासमवेतची साधारण सात मिनिटे हीच त्या न निघालेल्या ध्वनिमुद्रिकेची एकमेव साक्ष आहे. आशा पुथली यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या नुकसानीची नोंद घ्यावीच लागते.

ध्वनिमुद्रणाचे उत्तरायुष्य

लॉर्ना यांची गाणी गोमंतकीय समाजाने लग्नसमारंभांत, घराघरांत आणि स्मरणात जपली. त्यांच्या आणि क्रिस पेरी यांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट चार दशकांनंतरही प्रेक्षकांना भिडला, तो या सामूहिक स्मृतीमुळे. आशा पुथली यांना असा समाज लाभला नाही. त्यांच्या भाषेला, म्हणजे मुंबईत राहून इंग्रजीत गाण्याला, मागे उभे राहणारे गाव नव्हते. भारतात चित्रपट हीच लोकप्रिय गायनाची मुख्य वाट होती आणि त्या वाटेने त्या गेल्या नाहीत.

तरीही हा आवाज टिकला, तो अनपेक्षित मार्गाने. १९९७ साली नोटोरियस बी. आय. जी. या रॅप गायकाच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या ध्वनिमुद्रिकेतील एका गीतात ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला. पुढे इतरांनीही त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे घेतले आणि त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रिकांचा शोध सुरू होऊन त्या पुन्हा प्रकाशित झाल्या. समाजाने जे जपले नाही ते तबकड्या वाजविणाऱ्यांनी जपले. परंतु या जपणुकीचे स्वरूपही विचारात घेतले पाहिजे. तुकडा घेणारा आवाजाचा पोत घेतो. ओळ घेत नाही. त्यामुळे ‘स्पेस टॉक’ला नवे आयुष्य मिळाले, ‘ऑल माय लाइफ’ला मात्र अशा रीतीने ते मिळू शकत नव्हते. ज्या गीताचा प्राण त्याच्या अखंड रेषेत आहे, ते कापता येत नाही.

समारोप

आशा पुथली यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. एक, जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत यांचा संबंध केवळ उपजेच्या साम्यावर मांडणे पुरेसे नाही. स्वरलगाव हा त्याहून खोल दुवा असू शकतो. दोन, संगमसंगीताचे मूल्यमापन करताना त्यात कोणती वाद्ये व कोणती नावे आली यापेक्षा आवाज कसा लागला आहे हे पाहिले पाहिजे. तीन, कलावंताच्या कारकिर्दीतील बदलाला उत्कर्ष वा अधोगती अशी घाईची नावे देण्याऐवजी त्याला उपलब्ध झालेल्या जागेचा विचार करणे न्याय्य ठरते. ‘स्पेस टॉक’ हा डिस्को असूनही कलादृष्ट्या यशस्वी आहे. ‘१००१ नाइट्स ऑफ लव्ह’ हे शीर्षक पूर्वेकडे बोट दाखवीत असूनही त्या गायनात पूर्वेचे फारसे काही नाही.

हा विषय संगीत, समाजशास्त्र आणि माध्यमविद्या या तिन्ही शाखांच्या सीमेवर येतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातील महाविद्यालयांत, जेथे हे विभाग एकाच आवारात असूनही सहसा एकत्र येत नाहीत, तेथे या दोन गीतांचे सामुदायिक श्रवण अध्यापनाचे चांगले साधन ठरू शकेल. त्यासाठी सात मिनिटे, एक बऱ्यापैकी ध्वनियंत्र आणि जोडीला अब्दुल करीम खाँ यांची एखादी तीन मिनिटांची जुनी तबकडी पुरेशी आहे. प्रथम तबकडी ऐकवावी, नंतर ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’, आणि गायिकेचे नाव शेवटी सांगावे. नाव आधी सांगितल्यास विद्यार्थी त्या आवाजात भारत शोधू लागेल आणि त्याला तो हवा तेथे सापडेल. नाव न सांगितल्यास त्याला स्वर ऐकावा लागेल. या गायिकेच्या बाबतीत ऐकण्याचा हाच क्रम न्याय्य आहे. कारण तिच्या ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराने पन्नास वर्षांपूर्वी नेमका याच्या उलट क्रम स्वीकारला होता.